लाल दोऱ्याचा तवा

६ नोव्हेंबर, गुरुवार

गहू! अडीच वर्षं मी गहू खात होते आणि गहू मला!

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुढे सरकवला. म्हणाल्या, "सीलिॲक आहे. गहू, मैदा, रवा, जव — आयुष्यभर बंद." जयवंतचा चेहरा पडला. मी हसले! खरंच, खळखळून. बाईंना वाटलं मला धक्का बसला. पण त्यांना काय माहीत, अडीच वर्षं मी काय काय ऐकलंय! "बाळंतपणानंतर व्हायचंच." "जुळी आहेत, झोप नाही, दुसरं काय!" "मनाचे खेळ असतात, अक्षदाताई." केस मूठमूठ गळतायत, हिमोग्लोबिन सात, पोट कधी बिघडेल नेम नाही, एकाला कडेवर घेतलं की दुसऱ्याने नंबर लावायचा — आणि म्हणे मनाचे खेळ. आज त्याला नाव मिळालं. आणि औषध काय, तर फक्त गहू नाही. एवढंच!!

रक्तातला आकडा दीडशेच्या वर गेलाय. हवा दहाच्या आत. तीन महिन्यांनी परत तपासायचं. आकडा उतरला की जूनपासून मी बालवाडीत शिकवायला परत! मोठ्या बाई माझी जागा जूनपर्यंत ठेवणार आहेत. त्यापुढे नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

७ नोव्हेंबर

वाटलं होतं आई नाक मुरडतील. कसलं काय! "आमच्या गावाक गहू होतो खंय? चपाती मी मुंबयत इल्यार बघितलंय!" सासूबाई एकदम सोळा वर्षांच्या झाल्या. तांदळाची भाकरी, घावन, आंबोळी, वड्यांच्या पिठात गहू नको, नाचणी घालू — थांबेचनात! दुपारी लालबागच्या बाजारात जाऊन बिडाचा नवा तवा घेऊन आल्या. एवढा जड, तीन मजले चढवून! त्याच्या कानाला देवघरातला लाल दोरा बांधला आणि घराला दम दिला, "ह्यो अक्षदाचो तवो. हेका चपाती लागता कामा नये."

जयवंत आणि पोरं चपातीवालीच राहणार. जयवंतला डब्यात चपाती नसली की जेवल्यासारखं वाटत नाही. आणि मनू-स्पृहा अडीच वर्षांची, त्यांचं कशाला तोडायचं.

१४ नोव्हेंबर

आठ दिवस झाले! एक कणही नाही! डाएटवाल्या बाईंनी वेगळी वही ठेवायला सांगितली आहे — "तोंडात जाईल ते सगळं लिहायचं." लिहिते. आज: सकाळी घावन दोन, चहा. दुपारी भाकरी, मुळ्याची भाजी, सोलकढी. संध्याकाळी पोहे. बालवाडीतल्या हुशार मुलीसारखी वही झालीय, कोणी तरी चांदणी काढून द्या!

स्पृहाने दूध-चपातीचा कुस्करा वाटी चाटून संपवला. मनूने नेहमीचे नखरे — दोन घास, मग तोंड घट्ट. कोंबला तर रडून गल्ली गोळा केली. शेवटी दोघांची ताटं निपटून मी माझ्या भाकरीला बसले तेव्हा साडेतीन वाजले होते.

१ डिसेंबर

दात घासताना गाणं म्हणत होते. जयवंत म्हणाला, बरी दिसतेयस. मी!

२५ डिसेंबर

जयवंतच्या ऑफिसातून केक आला. मी नाही म्हटलं!! चॉकलेटचा होता, चेरी होती, तरी नाही. जयवंतने टाळ्या वाजवल्या. स्पृहाने दोन तुकडे हाणले. मनूने वरचं क्रीम चाटलं आणि खालचा ओला गोळा माझ्या हातात परत — मी काय याच्या हाताखालची ताटली आहे? निस्तरलं. संध्याकाळी पोट जरा गडबडलं. सोलकढी आंबली असावी.

१४ जानेवारी

तिळगूळ चालतो! तिळगूळ चालतो!! अकरा खाल्ले. वहीत लिहिलेत.

२९ जानेवारी

पोरांचं वजन केलं. स्पृहा तेरा किलो. मनू दहा. सात मिनिटांनी मोठा आहे म्हणे! पोट तेवढं पुढे, हातपाय काड्या. स्पृहाचे गेल्या वर्षीचे कपडे त्याला होतात. आईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मी म्हटलं दृष्ट नाही, नखरे! जेवायलाच बघत नाही तर वजन कुठून येणार?

पुढच्या गुरुवारी माझं रक्त. मला तर आत्ताच आकडा दिसतोय — पन्नास? चाळीस? मोठ्या बाईंना फोन करून ठेवू का?

५ फेब्रुवारी

एकशे एक्केचाळीस.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुठून तरी जातोय गहू. रोज जातोय. घरात नीट बघा." मी सांगितलं, कण नाही हो, वही बघा! त्यांनी पानं उलटली. म्हणाल्या, "वही छान आहे. रक्त वेगळं सांगतंय." तीन महिन्यांनी शेवटचं बघू, तोपर्यंत नोकरीचं डोक्यातून काढा.

घरी आले आणि स्वयंपाकघर उचकटलं. हिंगाची डबी! मागे मुंगीएवढ्या अक्षरात — गव्हाचं पीठ. आईंच्या आमटीतला हिंग! मग माझं तोंड सुटलं. डबी आदळली. म्हटलं, हिंग तरी असेल, नाहीतर पोळपाट, नाहीतर तुम्हीच थोडं थोडं घालत असाल, तुम्हाला हे थेर वाटत असतील! असं बोलले मी. त्या तव्यावरची भाकरी उलटत होत्या. दुसरी थापायला घेतली. भाकरी मात्र छान फुगली होती.

७ फेब्रुवारी

आई अँटॉप हिलला सीमावन्संकडे गेल्या. पिशवीत दोन साड्या आणि चष्मा. "पोरांका बघ," एवढंच.

मीच रांधते आता. बिनहिंगाचं. माझ्या हाताने, माझ्या तव्यावर. बघूच!

१६ फेब्रुवारी

दहा दिवस आई नाहीत, हिंग नाही. पोट तसंच. म्हणजे त्या नव्हत्या! मग कोण? तांदळाच्या पिठाची गिरणी? सोलं? मला वेड लागायची पाळी आलीय. स्पृहा विचारते, "आज्जी कधी?"

२२ फेब्रुवारी, रविवार

सापडलं!!! सापडलं!!!! घाईत लिहितेय, अक्षर वाचता येईल का माहीत नाही.

सकाळी गॅलरीत पोरांची भातुकली चालली होती. स्पृहा आई झाली होती, मनू बाळ. पत्र्याच्या ताटलीत कागदाची चपाती. मनूने लगेच तोंड फिरवलं, खेळातसुद्धा! स्पृहाने कमरेवर हात ठेवले. "एकच घाश! शेवटचा! टाकायचं नाय!" मग सुस्कारा सोडला, त्याची ताटली उचलली, उभ्याउभ्याच सगळा कागद स्वतःच्या तोंडात कोंबला, बोटं चाटली, फ्रॉकला हात पुसले आणि ताटली मोरीत नेऊन टाकली.

जयवंत हसून हसून लोळला. "हुबेहूब तू!" मीही हसले. स्पृहाच्या तोंडातून कागद काढताना हसतच होते. मग थांबले.

"हे मी करते?"

"म्हणजे काय! प्रत्येक जेवणाला."

"मग तू बोलला का नाहीस रे?"

बिचारा गांगरला. "मला वाटलं… अगं, ते काय खाणं आहे?"

तेच! अगदी तेच! मलाही ते खाणं वाटलंच नाही. ते ताटं घासायच्या आधीचं काम होतं. ही रोजनिशी मागे उलटली. चौदा नोव्हेंबर — "ताटं निपटून". नाताळ — "निस्तरलं". माझ्याच अक्षरात! आणि त्या हुशार मुलीच्या वहीत त्यातला एक घास नाही. दूध-चपाती, शिऱ्याचा खालचा थर, भिजलेली बिस्किटं, मनूने चघळून थुंकलेले तुकडे — तीन महिने रोज तीनदा! लाज वाटायला हवी. वाटतेय. पण त्याहून आनंद! घरात चोर नव्हताच, मीच होते! आता कसला जातोय गहू!

आणि मग आईंची पिशवी आठवली. दोन साड्या आणि चष्मा.

२३ फेब्रुवारी

टॅक्सी केली, अँटॉप हिल गाठलं. वन्संनी दार उघडलं आणि आत निघून गेल्या. आई ओटीवर कोळंबी सोलत होत्या. मी खाली बसले आणि म्हटलं, "चुकलं माझं, आई. तुमचं काहीच नव्हतं. पोरांचं उष्टं मी खात होते." रडले. त्या सोलत राहिल्या.

मग म्हणाल्या, "माका ठाव होता, माझ्या हातून गहू जाऊचो नाय. पण तुझ्याय ध्यानात इला नाय, तेचा माका नवल वाटणा नाय. मी चार पोरां वाढवलंय. माझा येगळा ताट कोण मांडीत होता? पोरांच्या ताटात उरला, ता माझा जेवाण. तेका कोण जेवाण म्हणता?"

तेरा वर्षं या बाईंच्या घरात आहे. त्यांना भरल्या ताटावर बसलेलं मी पाहिलंय का, आठवायचा प्रयत्न केला. सणाला, कधीतरी. माझी मान वर होईना.

त्यांनी हात धुतले. "चल. तवो गंजलो असतलो." खरंच गंजला होता! बिडाच्या तव्याला तेल पुसून ठेवायचं असतं हे मला कोण सांगणार?

२ मार्च

घरात नवा कायदा. एक: उष्टं झाकून एका डब्यात, जयवंत आला की त्याच्यासमोर. (पहिल्या दिवशी खाल्लं, दुसऱ्या दिवशी म्हणाला, यापेक्षा त्यांना कमी वाढा ना! इतकी साधी गोष्ट!) दोन: जेवायला पाच ताटं, एकदम. आईंचंही. आई तीन वेळा उठल्या, तीन वेळा बसवलं.

माझा हात मात्र जातोच! आज मनूची अर्धी चपाती तोंडात घालणार तेवढ्यात स्पृहा किंचाळली, "आईऽऽ थू!" पोलीस घरातच आहे.

१९ एप्रिल

आई रोज भरल्या ताटाने जेवतात. लाजतात अजून. काल म्हणाल्या, "माका कारलां आवडत नाय." कारलं आवडत नाही!! तेरा वर्षं दर मंगळवारी कारलं करतात!

१४ मे, गुरुवार

अडतीस!!!!! अडतीस!!!!!

डॉक्टरीणबाई स्वतः खुर्चीतून उठल्या. "काय जादू केलीत?" मी भातुकलीचं सांगितलं, त्या टेबलावर हात आपटून हसल्या. दहाच्या आत यायला अजून वर्ष, पण कामाला जा म्हणाल्या. जा म्हणाल्या! खाली रस्त्यावर येऊन मोठ्या बाईंना फोन. "या, अक्षदा. पंधरा जूनला. पोरांनाही आणा." हिमोग्लोबिन साडेअकरा. जिन्यावर दोघांना एकदम उचललं — दोन मजले! तिसऱ्यावर जयवंतने मनूला घेतलं, पण दोन मजले!

दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "मुलांचं तपासलंत ना? घरात एकाला असलं की मुलांचं बघून घ्यायचं असतं." मी म्हटलं, स्पृहा ठणठणीत आहे, आणि मनू… मनू खातच नाही. त्या एकदम माझ्याकडे बघायला लागल्या. काय खात नाही? मी सांगायला लागले. चपाती नको, कुस्करा नको, केकचा खालचा भाग नको. भात खातो. आईंच्या भाकरीला हात घालतो. सांगता सांगता माझा आवाज बारीक झाला.

शनिवारी दोघांचं रक्त.

१६ मे

मनूने सुईला हूं की चूं केलं नाही. स्पृहाने मात्र अख्खं परळ जागं केलं.

९ जून

स्पृहाला नाही. मनूला आहे. मोठ्या इस्पितळातही तेच ठरलं. म्हणजे ते नखरे नव्हते. त्याला पहिल्यापासून कळत होतं आणि मी एकेक घास कोंबत होते. माझं चुकलं, मनू.

दुपारी आईंनी लाल दोऱ्याच्या तव्यावर त्याचं पहिलं घावन घातलं. त्याने दीड संपवलं. अर्धं टाकलं.

ते मी खाल्लं.