यंत्रानं विचारावं, ठरवू नये

४ मार्च १९७४, मस्तगड
बायकोला, सुमनला, अर्धांगाचा झटका आल्यापासून तिचा एक शब्द कानावर न्हाई. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं कळतं, फक्त सांगता येत न्हाई." डाव्या हाताचं बोट तेवढं हलतं. कॉलेजात पोरांना फिजिक्स शिकवतो, विचार करणाऱ्या यंत्रांवर वाचतो. घरात मात्र तिला तहान लागली का दुखतंय, ते कळत न्हाई.

१९ मार्च
फळीवर दिवे बसवले, प्रत्येकावर एक शब्द चिकटवला. पाणी, दुखतंय, कूस, खिडकी, नंदा. एकेक पेटत जातो. हवा तो पेटला की बोटाखालचं बटण दाबायचं. मनाशी नियम केला, यंत्रानं विचारावं, ठरवू नये. तिनं आधी 'नंदा' दाबलं. पोरगी धावत आली. मी मोरीत जाऊन रडलो.

२ एप्रिल
वाट बघून बोट थकतं तिचं. जुन्या टेलिफोनचे रिले, विजेनं आपोआप चालू-बंद होणारी बटणं, जोडले. जास्ती वेळा मागते ते आता आधी पेटतं. यंत्र शिकून राह्यलं!

१० एप्रिल
घात झाला. सारखं 'पाणी' दाबते म्हणून पाणीच पाजत राह्यलो. आज कण्हली. कुशीवर वळवलं तर पाठीला केवढी जखम. 'दुखतंय' येईस्तोवर त्राण उरत न्हाई, म्हणून पहिला दिवाच दाबत होती. यंत्र तिचा थकवा शिकलं. मीच शिकवला.

११ एप्रिल
रिले उपटले. नवा दिवा लावला, 'यातलं काहीच न्हाई'. तो नसला तर आपलेच शब्द तिच्या तोंडी. दिवसभर तिनं तोच दाबला. मंग काय पाहिजे गं?

१४ एप्रिल
जयंतीची मिरवणूक गल्लीतून गेली. खिडकी उघडली. तिनं डोळे मिटून घेतले.

१७ एप्रिल
तिचा भाऊ दत्ता आला, पिंपळगाव रेणुकाईहून. "जयभीम दाजी. दिव्यांनी बाई बरी होते का? मी नेतो तिला. आई करील तिचं."
ओरडलो, "तिला विचार ना!"
दोन दिव्यांवर नवी नावं चिकटवली. 'इथं' पेटला. बोट हललं न्हाई. 'माहेर' पेटला. न्हाई. 'यातलं काहीच न्हाई' पेटला. दाबलं. दाबूनच धरलं.
"मंग कुठं जायचं आईला?" नंदानं विचारलं.
दत्ता म्हणतो, सकाळच्या गाडीनं नेतो. मी हो म्हणालो न्हाई, नकोबी म्हणालो न्हाई. एका दिव्यावरचा कागद खरवडून काढलाय. तिथं 'सुटका' लिहायचं, एवढं माहीत आहे बहुतेक. हात धजत न्हाई.