सामान सोडा, माणूस घ्या

३ नोव्हेंबर, सोमवार
ज्येष्ठ नागरिक मंडळात आज पोलिसातल्या एक मॅडम येऊन बोलल्या. विषय : गर्दीच्या ठिकाणी हल्ला झाला तर काय करायचं. वीस जण होतो, त्यातले अकरा झोपले. मी सगळं लिहून घेतलं. पळा. पळता येईना तर लपा. मग ११२ला फोन. बेवारस पिशवी दिसली तर हात लावू नका, ओरडू नका, कंडक्टरला हळूच सांगा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सामान सोडा, माणूस घ्या. ह्याच्याखाली दोन रेघा मारल्या. मॅडम म्हणाल्या, आजोबांनी मनावर घेतलेलं दिसतंय. घेतलंच आहे. सातवी शिकलो, पण चाळीस वर्षं शिंपीकाम करून लोकांची मापं घेतली. माणूस बघितला की मला कळतो.

४ नोव्हेंबर
मशीन पुसून तेल घातलं. हिरव्या कापडाची पट्टी शिवली, दंडावर बांधायला. वर पिवळ्या दोऱ्यानं 'सुरक्षा' भरलं. शिट्टी आणली. आमच्या केजच्या एसटी स्टँडला आजवर असा माणूस नव्हता.
मनकर्णा म्हणाली, जत्रंत हरवलेल्या पोरावानी दिसताय. बायकोला नवऱ्याचं मोठेपण दिसत नसतं.
तिला योजना समजावली. संकट आलं की मी उजव्या हातानं तिचा डावा हात धरणार आणि दोघं बाहेर. ती म्हणाली, आन् माझं गुडघं? म्हणालो, उचलीन. तिनं मला पायापासून टोपीपर्यंत बघितलं आणि पीठ मळायला गेली.

६ नोव्हेंबर, सकाळी ६
पळण्याचा सराव. घरापासून तहसीलपर्यंत ठरवलं होतं. निम्म्यात चहाची टपरी लागते. दम लागला म्हणून नाही, टपरीवाल्याला सुरक्षेची माहिती द्यायची होती म्हणून थांबलो. दोन कप.

तोच दिवस, १० वाजता
लपण्याचा सराव. दिवाणाखाली गेलो. जाणं उत्तम जमलं. बाहेर काढायला शेजारच्या शहादेवला बोलवावं लागलं. माझ्याच वयाचा, पण तोंडाला लगाम नाही. पाय ओढता ओढता म्हणाला, काय बे निवृत्ती, हल्ला वहिनींनी केला का?

९ नोव्हेंबर
उचलण्याचा सराव राहिलाय. मनकर्णा तयार होत नाही. म्हणून ज्वारीचं अर्धं पोतं उचलून बघितलं. कमरेला बाम लावलाय. तिनंच लावला. चोळता चोळता म्हणाली, उचलू नका बापा, नुसता हात धरला तरी लई झालं. मी म्हणालो, तेवढं तर कुणीही करतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी ९.१०, केज स्टँड
बीडला लेकीकडं, मायाकडं निघालोय. तिथं मनकर्णाचे गुडघे डॉक्टरला दाखवायचेत. पट्टी दंडावर, शिट्टी खिशात. गाडी लागली तशी गर्दी तुटून पडली. मी खिडकीतून आमची निळी पिशवी सीटवर टाकून जागा धरली. रुमाल टाकतात, टोपी टाकतात, मागं एकानं चप्पल टाकली होती. मायासाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा माझ्या हातात. मनकर्णा मागं. आता निरीक्षण. पुढं दार एक, मागं संकटकाळचं एक. संशयित चार : एक गॉगलवाला, एक सारखं घड्याळ बघणारा, दोघं उगाच हसणारे.

तोच दिवस, दुपारी ४, घरी
लिहू नये असं वाटतंय. पण नेम मोडायचा नाही.
आत चढलो तर आमच्या सीटवर दुसरेच दोघं बसलेले. मी भांडलो नाही, सुरक्षेच्या माणसानं भांडू नये. मागच्या सीटवर मनकर्णाला बसवलं. पिशवीचा विषय डोक्यातूनच गेला, लक्ष संशयितांवर होतं. तेवढ्यात तिच्या पायाशी, सीटखाली, काहीतरी निळं दिसलं. फुगलेलं, उलटं पडलेलं, आणि त्यातून काळी वायर लोंबत होती. पुढच्या बाईला विचारलं, तुमची का? न्हाई. शेजारच्याला विचारलं. न्हाई. बेवारस. वर वायर.
कंडक्टरला हळूच सांगायचं होतं. मी शिट्टी वाजवली. बाँब असं ओरडलोही असेन.
त्यानंतर मला आठवतं ते एवढंच, की मी रसाच्या गाड्यामागं उकिडवा बसलो होतो. उजव्या हातात लाडवाचा डबा. डावा हातही डब्यावरच. दारात एक पोरगी कडेवर लेकरू घेऊन उभी होती, तिला मी बाजूला सारलं का ते नक्की सांगता येत नाही. सारलं असावं.
सगळी गाडी रिकामी झाली. फक्त एका खिडकीत मनकर्णा. मांडीवर निळी पिशवी, आणि गुडघे शेकायच्या इलेक्ट्रिक पिशवीची वायर आत कोंबत होती. ती म्हणे हाका मारत होती, आवो आपलीच हाय. मला ऐकू आलं नाही. पिशवी मीच शिवलेली, शाळेच्या युनिफॉर्मच्या उरल्या कापडाची. आमची जागा घेणाऱ्यांनी ती सीटखाली ढकलली असणार.
पोलिसांनी नाव लिहून घेतलं. गाडी पाऊण तास उशिरा सुटली. ड्रायव्हर म्हणाला, आजोबा, दंडाचं ते सोडता का मी सोडू? आम्ही त्या गाडीनं गेलो नाही.
एक नोंद मात्र करून ठेवतो. गाडी दीड मिनिटात रिकामी झाली. त्या दृष्टीनं शिट्टी चांगली आहे.

१४ नोव्हेंबर
शहादेवला समजावून सांगितलं, की धोका नव्हताच. धोकाच नव्हता तर बायकोला धोक्यात सोडलं असं कसं म्हणता येईल? त्याला पटलं. म्हणाला, हे वकिलाला बी सुचलं नसतं.
पण दुपारपासून मला स्वतःला पटेना झालंय. धोका नव्हता हे मला मागून कळलं. पळताना तो बाँबच होता. तिच्या पायाशी होता. आणि मी लाडू वाचवले.

१६ नोव्हेंबर
भाकरी थापता थापता तिनं विचारलं, तुमाला खरंच बाँब वाटला व्हता का?
म्हणालो, छे, पिशवी मी तेव्हाच ओळखली, लोकांची परीक्षा घेत होतो. ती म्हणाली, बरं. आणि भाकरी उलटली. अजून काही बोलली असती तर निदान मला जेवण तरी गेलं असतं.
पट्टी उसवली. दोरा चांगला आहे, रिळाला गुंडाळून ठेवला. शिट्टी शहादेवच्या नातीला दिली.

२० नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळी, बीड, मायाच्या घरी
आज आलो. निघताना मनकर्णा म्हणाली, तुमी आपलं दारापाशीच उभं ऱ्हावा, तुमाला सोयीचं पडतंय. ओट्यावरचा शहादेव ठसका लागेपर्यंत हसला. मीही हसलो. हसल्यासारखं केलं.
स्टँडवर खिडकीतून काही टाकलं नाही. तिचा हात धरून पायरी चढवली. तिला एका पोरानं जागा दिली. मी दारापाशी उभा राहिलो. कंडक्टर नेमका तोच, त्यानं मला बघून न बघितल्यासारखं केलं. भला माणूस.
गाव सुटल्यावर तिच्या शेजारची बाई उतरली. मनकर्णानं मांडीवरची निळी पिशवी त्या जागेवर ठेवली. एक जण म्हणाला, मावशी, पिशवी घ्या की, बसू द्या. ती म्हणाली, न्हाई, इथं माणूस हाय. त्यानं विचारलं, कुठाय? ती म्हणाली, येतोय.
माझ्याकडं तिनं बघितलं नाही. मी अर्ध्या वाटेवरचं नेकनूर येईपर्यंत दारातच उभा होतो.