ताईच्या बाळंतपणाची खोली

१२ फेब्रुवारी २००६, माजरी
ताईला सहावा लागला. तिच्या सासूबाईंचा नागपूरहून फोन आला, बाबांच्या दुकानात. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे त्यांनाही मान्य. पण ऐन मे महिन्यात, तुमच्या टिनाखाली, त्यात लाइन नसते, पंखाही बंद... "माही सून भाजून निघन जी." बाबा अर्ध्या माजरीचे कूलर बनवतात. फोन ठेवला आणि एका कूलरची जाळी ठोकत बसले. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाले.

१४ फेब्रु.
कॉलेज. सरांनी प्रोजेक्टचा विषय विचारला. म्हटलं, विजेशिवाय थंड राहणारी खोली. मागून एकजण म्हणाला, कूलरवाल्याची पोरगी बापाचाच धंदा बुडवते. सगळे हसले, मीही हसले. आमची शाखा ऊर्जा आणि बांधकाम तंत्राची. गावात सांगितलं की विचारतात, म्हणजे लाइट फिटिंग का? चंद्रपूरहून परतताना पॅसेंजरमध्ये एकच विचार, बाबांना कसं सांगायचं.

१९ फेब्रु.
सांगितलं. मागची खोली, लग्नाआधी ताई झोपायची तीच. बाबा: "कूलर लावतो ना मी. दोन लावतो." म्हटलं, दुपारी लोडशेडिंग, कूलर काय फुंकून चालवणार? तर आई मधेच, "बाळंतिणीले कूलर? तिले वारा लागू द्याचा नसते. खिडकी बंद, दाराले पडदा, खाटेखाली शेगडी." मे महिन्यात शेगडी! आमच्या दोघींच्या वेळी तिने असंच केलं म्हणे. आम्ही दोघी डिसेंबरच्या, हे तिला सांगून काही फायदा नाही.
म्हणजे वीज नको, वारा नको, आणि खोली थंड पाहिजे. सरांना कळलं तर परीक्षेत घालतील.

५ मार्च
टिनाला वरून चुना. मी चढणार होते, "तू पडशीन" म्हणून बाबाच चढले. आतून बांबूच्या तट्ट्यांचं छत, वर माती-शेणाचा थर. आईने लिपलं, तोंडाने बडबडत. दुपारी दार-खिडकी बंद करून बसले. समोरच्या खोलीपेक्षा चांगलाच फरक. रात्री बाबा थर्मामीटर हातात घेऊन उगाच दोन्ही खोल्यांत फिरत होते.

२१ मार्च
फरक बराच कमी झालाय. आधी थर्मामीटरवर संशय. मग शिडी लावून पाहिलं तर टिन काळं. खाणीतल्या कोळशाची धूळ.
मी याच गावात जन्मले. आई रोज ताटं पुसून मग वाढते, दोरीवरचे कपडे झटकून आत घेतो. आणि मी गणितात पांढरा चुना कायमचा पांढरा धरला! पुस्तक लिहिणारा माजरीत राहत नव्हता, मी तर राहते ना. इतका राग आला की कॉलेजलाच गेले नाही. बाबा मात्र कितीतरी दिवसांनी हसले. "आता रोज टिनाची आंघोळ घाल, बाई." पाणी कुठून आणू, ते नाही सांगितलं.

२६ मार्च
काळं तर काळं. टिनावर ऊनच पडू दिलं नाही तर? बाबांना म्हटलं, लग्नात अंगणात मांडव घालता, तसा टिनावर घालू. वर धूळ बसो नाहीतर कावळे बसोत. बाबांनी कागद ओढला आणि पाय कसे द्यायचे ते काढायला लागले. माझ्या चित्रावरच रेघा मारल्या. मला फार बरं वाटलं.

९ एप्रिल
मांडव झाला. कूलरच्या लोखंडी पट्ट्यांचे पाय, वर तुरीच्या वाळल्या तुराट्या. शेजारच्या काकू: "काऊन वं, यंदा तुहं लगीन का?" आता पूर्ण गाव विचारेल. पण फरक परत आला, आधीपेक्षा जास्त. आईने पायऱ्यांवर उभं राहून बराच वेळ वर पाहिलं. "चांगलं दिसते," म्हणाली. आईच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

१६ एप्रिल
ताईच्या सासूबाई खोली पाहायला आल्या. नेमकी लाइन गेलेली, बाहेर रस्ता नुसता भाजत होता. खाटेवर टेकल्या, भिंतीला हात लावला, छताकडे पाहिलं. आई सरबत घेऊन आत गेली तर बाई झोपलेल्या. चक्क घोरत होत्या. बाबा अंगणात उभे, मला डोळ्यानेच विचारतात, काय? मी हात जोडून गालाला लावले, झोपल्या. जाताना म्हणाल्या, "पाठवतो मी सुनेले." बाबांनी त्यांची पिशवी स्टेशनपर्यंत नेली. आज घरात गोड केलं.

२० एप्रिल
दुकानात ताईचा फोन. मीच उचलला.
"वनू, सासूबाई जा म्हणते. पण डॉक्टरीण म्हणे बाळ आडवं हाय. मोठा दवाखाना जवळ असला तर बरं. मले भेव वाटते वं. मी इथीच राहतो म्हणतो."
मग म्हणाली,
"खोली लय छान केली म्हणे तुम्ही. पण मले खोली नाई, माय पाहिजे. येईन का ते इथी?"
विचारते म्हटलं. अजून विचारलं नाही. पोरीला पहिलं लेकरू होईपर्यंत तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही, हा आईचा नेम. दिवाळीला गेली होती तेव्हा परत स्टेशनवर येऊन पाणी प्यायली.
दोन महिने आम्ही टिनावर चढून उतरतोय. तुला कुठं राहायचंय, हे ताईला मीसुद्धा विचारलं नाही. रडू आलं, दुकानातच.

२१ एप्रिल
आईला सांगितलं. ती मागच्या खोलीत दाराला पडदा शिवत होती. "तिले भेव वाटते म्हणे?" थोड्या वेळाने परत तेच विचारलं. म्हटलं, हो. तिने पुन्हा सुई हातात घेतली. पडदा पूर्ण केला. बाबांना मी म्हटलं, तुमची मेहनत फुकट गेली. "फुकट काऊन? आपण झोपू," म्हणाले. उद्या प्रोजेक्ट दाखवायचा आहे, काही सुचत नाही.

२३ एप्रिल
सकाळी आई चहा गाळता गाळता बाबांना म्हणाली, "आपल्या घरचं पाणी कॅनमंदी भरून नागपूरपर्यंत नेता येते का?"
बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.
"येते ना," बाबा म्हणाले. "पण किती दिवसाचं?"
"मले का मालूम," आई म्हणाली, "लेकरू कवा येते ते."