डावखुरी फौज

ता. १६ जानेवारी १९३६, माणगाव

काल हळदीकुंकवाला येसूने शेजारच्या काकूंना डाव्या हाताने तिळगूळ दिला. काकूंनी हात मागे घेतला, लाडू जमिनीवर. सासूबाई चारचौघींत गप्प बसल्या. आज सकाळी मात्र पोरीच्या डाव्या मनगटाला फडकं बांधून ते परकराच्या नाडीत अडकवलं. एका हाताने पेज खाते, निम्मी अंगावर.

सहा वर्षांची झाली. उन्हाळा सरला की शाळेत घालायची. इथले गुरुजी डाव्या हातात पेन्सिल धरू देत नाहीत. हे कचेरीतून आल्यावर म्हणाले, आईचं बरोबर आहे, आत्ता वळण लागलं तर लागेल.

मला कोण विचारतो. माझं वळण कसं लागलं ते मला ठाऊक. चारचौघांत उजवा, कोणी बघत नसेल तेव्हा डावा. हे लिहितेय तेही डाव्यानेच.

ता. १८

येसू झोपेना. पुन्हा तीच गोष्ट सांगितली, वेढ्याच्या सिनेमाची.

माहेरी, तळे गावात, मी तिसरीत होते. शाळेच्या पटांगणात दोन बांबूंना चादर ताणलेली. मास्तर, मुलगे, गावचे पुरुष एका अंगाला, आम्ही मुली नि बायका दुसऱ्या अंगाला. सिनेमाची पेटी फिरवणारा मोठ्याने सगळं समजावून सांगत होता. किल्ल्याला वेढा. दाणागोटा संपलेला. शेवटी दरवाजा फुटतो नि किल्लेदार एकटा आडवा उभा राहतो, डाव्या हातात तलवार. त्याचे सगळे लोक डावखुरे. मी रडले, पण पडद्यावरची नजर काढली नाही. मधूनमधून अक्षरं यायची, मला एकही लागेना. वाटलं, मोडी असेल, मोठ्या माणसांची.

दुसऱ्या दिवशी शाळेत पेन्सिल डाव्या हातात धरली. गुरुजींनी पट्टी उगारली, तेव्हा म्हटलं, किल्लेदार पण डावराच होता. सगळा वर्ग हसला. पट्टी बसायची ती बसलीच.

येसू मात्र हसत नाही. "त्यांच्या आजीनं त्यांचे हात बांधले न्हाईत?" म्हणून विचारते.

ता. २१

दादा तळ्याहून पोहे घेऊन आला. त्या रात्री तो पटांगणात पुढेच बसला होता, म्हणून विचारलं. म्हणाला, सगळे उजवेच होते, डावखुरी फौज ठेवील कोण? मी म्हटलं, मी या डोळ्यांनी पाहिलंय. तो म्हणाला, मीही काय डोळे मिटून बसलो नव्हतो.

दोघांनी एकच सिनेमा एकाच रात्री पाहिला. मग?

दिवसभर तेच डोक्यात. भात करपला.

ता. २३

बाजारात तंबू लागला. बैलगाडीतून ढोल वाजवत एक माणूस ओरडत गेला. किल्ला, वेढा, दरवाज्यातला एकटा किल्लेदार... माझाच सिनेमा! मुंबईत म्हणे आता चित्रं बोलतात. आपल्याकडे अजून मुकीच, बरंच आहे.

ह्यांना म्हटलं, येसूला दाखवू. लगेच हो म्हणाले. सा. बा. म्हणाल्या, त्यांना असल्या गोष्टींची हौस नाही.

ता. २४

आता पाहून आले. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

इथेही तीच रीत. हे पुरुषांत पुढे, मी नि येसू बायकांत, पडद्याच्या मागे. एकाने आधी बादलीतून पाणी मारून पडदा भिजवला, उजेड आरपार यावा म्हणून. दिवे गेले. किल्लेदार आला. तलवार डाव्या हातात! दादाची आता चांगली जिरवते, असं मनात येतंय तोच अक्षरं आली. मोडी नव्हतीच ती. आपली रोजची बाळबोध, पण सगळी उलटी, पाटी आरशासमोर धरावी तशी.



रीळ बदलताना येसूला शेजारणीकडे ठेवलं नि कनातीच्या कडेने पुढे गेले. दारावरचा हटकत होता, तरी उभी राहिले. किल्लेदार तोच, डोळे तेच. तलवार उजव्या हातात. सगळी फौज उजवी.

परत येऊन बसले तर येसूने मांडीवर चढून कानात सांगितलं, "आये, तो माझ्यासारखाच हाय." बांधलेला हात तिने कधी सोडवून घेतला होता कोण जाणे. मी हो म्हटलं. त्या जागेवरून खोटं तर नव्हतं.

घरी येताना ह्यांना विचारलं, किल्लेदार कोणत्या हाताचा? हे म्हणाले, उजव्या, का?

ता. २५

सकाळी सा. बा. फडकं घेऊन आल्या. येसूने हात पाठीमागे नेला. म्हणाली, किल्ल्यावरचे सगळे डावरे हायत, मी पाह्यलंय. सा. बां.नी ह्यांच्याकडे बघितलं, "खरं का रे?"

माझे हात पिठात तसेच राहिले.

हे येसूकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. म्हणाले, "मी पुढे होतो. तिकडून काय दिसतं मला ठाऊक नाही."

इतक्या वर्षांत ह्यांचा इतका लोभ कधी वाटला नव्हता.

सा. बां.नी फडकं बांधलंच. पण गाठ घट्ट नव्हती. दुपारी तांदूळ निवडताना येसूला म्हणाल्या, "उद्या मला ने. बघू तर खरी कसली फौज ती."

ता. २६

सा. बा. येसूला घेऊन निघाल्या. ह्यांनी दोघींना पोचवलं. जाताना माझ्याकडे वळून विचारलं, "आईला कुठे बसवू?" मी म्हटलं, बायका बसतात तिथेच. सा. बां.ना अक्षर येत नाही. मी एवढंच म्हटलं, जास्त काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का?

ता. २७

सा. बा. रात्री उशिरा परतल्या. सकाळी फडकं दोरीवर वाळत होतं, येसूचा हात मोकळा. सा. बा. आपणहून म्हणाल्या, "रथसप्तमीपर्यंत राहू दे. म्हातारपणी मला तरी कुठं सगळं कळतं." मग चुलीकडे बघत, "एकटा उभा राह्यला गं तो."

तंबू निघाला. येसू बापाबरोबर बघायला गेली होती. मजूर पडदा घडी घालत होते. हिने एकदा या बाजूने जाऊन बघितलं, एकदा त्या बाजूने. नुसती चादर.

घरी येऊन विचारते, "आये, बाबा पुढं बसले तर त्यांना तो उजवा दिसला. मग तो खरा कुठल्या हाताचा?"

म्हटलं, जेवून घे आधी. डाव्या हाताने जेवली. सा. बा. समोर होत्या.

ती अजून जागी आहे. उत्तराची वाट बघतेय.