हट्टीचा कोपरा धाकट्या सूनबाईला

आक्का, गुडघा आता जिना चढू देतो का? थोरल्या, रक्तदाब तपासतोस ना, की नुसता वाढवतोस? धाकट्या, पाठीला पट्टा बांधतोस का? आणि धाकट्या सूनबाई, खोकला गेला का? माझे पाय थकलेत, पण डोकं ठणठणीत आहे आणि या कामाला तेच लागतं. तेव्हा कात्र्या-सुऱ्यांना धार लावण्यात हयात घालवलेला मी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्या दबावाशिवाय लिहीत आहे. आधीची सगळी रद्द समजावीत.

१. घर दोन्ही मुलांना समसमान, मागच्या अंगणाचा कोपरा वगळून. बँकेतली शिल्लक माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आक्काला. तिने ती नातवंडांवर न उधळता स्वतःच्या गुडघ्यावर घालवावी.

२. धारेचं यंत्र थोरल्याला. दुकानातला पंखा मात्र धाकट्याला, कारण थोरल्याने त्याला माझ्यादेखत भंगार म्हटलं होतं.

३. आता तो कोपरा. तिथे वाटाण्याच्या कुळातलं एक रानटी झुडूप आहे. इंग्रजीत त्याला मिल्कव्हेच म्हणतात, आपल्या घरात हट्टी. बी बहुधा बांधकामाच्या खडीतून आलं. ज्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही आणि कुंड्यांतल्या सगळ्या झाडांनी माना टाकल्या, त्या वर्षी हट्टी जांभळ्या फुलांनी भरून गेली. मी आ वासून बघत राहिलो.

पुढे नळवाल्याने तिथे चर खणला. छातीपर्यंत आत उतरून तो ओरडला, "काका, वर झाड वीतभर आणि मूळ बघा! अजून खालीच चाललंय!"

"ओढू नकोस रे."

"ओढतोय कसला! पाइपच वळवतो."

स्वयंपाकघरातला नळ कुरकुरतो तो त्या वळणापायी. त्याला कुणी हात लावू नये.

४. थोरल्याला तिथे फरशी घालून गाडी लावायची आहे. चाक त्या कोपऱ्यात येता कामा नये. कोपरा, हट्टी, बियांचा डबा आणि माझा लहान धारेचा दगड धाकट्या सूनबाईला.

भुवया उंचावल्या ना? लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी बाहेरगावी असताना तिने हट्टीच्याच बियातून शेजारी उगवलेल्या रोपाला दया येऊन सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. मूळ कुजलं. "बाबा, तहानलेल्याला पाणीच दिलं हो मी," म्हणून ती रडली. थोरला म्हणाला, "वा! दुष्काळाला जमलं नाही ते हिला जमलं." तेव्हापासून ती इथे आली तरी अंगणात पाऊल टाकत नाही. थोरल्या, तो टोमणा आता पुरे. रानटी रोपट्यासाठी रडणारं या घरात दुसरं कोण आहे?

५. सूनबाई, लागवड अशी. बी टणक असतं, नुसतं भिजवून फुगत नाही. दगडावर हलकेच घास, वरची चकाकी जाईपर्यंतच. मग रात्रभर पाण्यात ठेव. फुगेल ते पेर, न फुगेल ते पुन्हा घास. जिथे वाढवायचं तिथेच पेर, कारण मूळ दुखावलं की रोप जातं. भरपूर ऊन आणि खडीमिश्रित माती हवी. खत नको. हट्टीखालची मूठभर माती तेवढी मिसळ, तिच्यातले जंतू मुळांवर गाठी करून हवेतूनच खत बनवतात. पानं येईपर्यंत ओल ठेव, मग हळूहळू हात आखडता घे. शेळ्यांना मात्र लांब ठेव, या कुळातली काही झाडं जनावरांना बाधतात.

डब्यात एक बी तुझ्या लग्नाच्याही आधीचं होतं. यंदा घासून भिजवलं, तर फुगलं! इतकी वर्षं ते आत जागं होतं. मी उभा राहून त्याला नमस्कार केला.

सही: धारवाले आजोबा
साक्षीदार: नळवाला (सही), शेजारच्या शिंपीणबाई (सही)
ठिकाण: मागचं अंगण
दिनांक: सात मार्च

ता. क. सूनबाई, या प्रतीसोबत वाळक्या शेंगा पाठवतोय. हलवून बघ, खुळखुळ्यासारख्या वाजतात. कोपरा घेशील ना? माझ्यामागे नको, आत्ताच ये. पहिलं बी दोघं मिळून घासू, आणि रोप वाढलं की पाण्याचा तांब्या हातात असून तू न ओतता उभी राहिलेली मला बघायची आहे. उत्तर लवकर लिही.