सत्तेचाळीस मिनिटं, सहा शब्द

प्रिय धाकटे,

'प्रिय' लिहिलं ते सवयीने. तीस वर्षं विमा कंपनीच्या तक्रार विभागात पत्रं लिहिते आहे. ज्याचा दावा फेटाळायचा, त्यालाही आधी 'प्रिय ग्राहक'च म्हणावं लागतं. हे पत्र मात्र हाताने लिहिते आहे. खाडाखोड झाली आहे, ती मुद्दाम तशीच ठेवली आहे. तुला तेवढंच तर आवडतं.

तुझा प्रबंध पोचला. चांगला जाडजूड आहे. पहिल्या पानावर 'ताईस, जिच्याशिवाय हे झालं नसतं' असं लिहिलंस. खरंच झालं नसतं. तुझं ते सॉफ्टवेअर ऑफिसच्या संगणकावर घालायला मिळावं म्हणून मीच साहेबांच्या हातापाया पडले होते. माणसं लिहितात कशी, याचा अभ्यास करायचाय म्हणालीस. कुठली कळ कधी दाबली, काय खोडलं, कुठे किती वेळ थांबली, सगळ्याची नोंद होणार. मी म्हटलं, आम्ही 'दिलगीर आहोत' लिहितो आणि चहाला जातो, तिथे मोठा थांबा दिसेल तुला. तू माझ्या टेबलाच्या कडेवर बसून पाय हलवत हसलीस, लहानपणी ओट्यावर बसून हसायचीस तशी. चार लोकांसमोर मला तुझा केवढा अभिमान वाटला होता. आज हे लिहिताना हात आखडतो, पण वाटला होता.

एक गोष्ट तू मला तीनदा बजावलीस. रोज संध्याकाळी सहाला नोंद आपोआप तुझ्याकडे येणार, तेव्हा खाजगी काही लिहायचं असेल तर पडद्याच्या कोपऱ्यातलं लाल टिंब दाबून ती आधी बंद करायची. मी करतही होते. पण मग आईला हॉस्पिटलमध्ये ठेवलं, आणि वॉर्डचा फोन नंबर लिहिलेली पिवळी चिठ्ठी मी नेमकी त्याच कोपऱ्यात चिकटवली. टिंब तिच्याखाली गेलं आणि माझ्या डोक्यातूनही गेलं.

आता पान एकशे बारा उघड. 'सहभागी क्रमांक चार', म्हणजे मी. या बाईने जेवणाच्या सुट्टीत सत्तेचाळीस मिनिटं एक खाजगी पत्र लिहिलं, सगळंच्या सगळं खोडलं आणि सहा शब्द पाठवले, असं तू लिहिलं आहेस. खाली आलेख काढला आहेस. खोडलेले शब्द छापले नाहीस, उपकार झाले. मला ते पाठ आहेत. 'डॉक्टरांनी दहा-बारा दिवस सांगितलेत. आई झोपेत तुला हाका मारते, नर्सलाच धाकटी समजून तिचा हात सोडत नाही. मी एकटी पुरी पडत नाहीये, असशील तशी निघून ये.' मग आठवलं, की धाकटीची कायमच्या नोकरीची मुलाखत होईपर्यंत तिला काही कळवायचं नाही, असं आईने शुद्धीवर असताना मला बजावलं होतं. म्हणून खोडलं. 'आई बरी आहे. काळजी करू नकोस.' एवढंच पाठवलं, चिठ्ठीवरचा वॉर्डचा नंबर फिरवला आणि आईने पेज घेतली का ते विचारलं.

आई गेल्यावर तू आलीस. मावशीच्या गळ्यात पडलीस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, ताईने मला अंधारात ठेवलं, आईचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही. मावशी अजून माझ्याशी बोलत नाही. मी खाली मान घालून तुझी माफी मागितली आणि गेले चौदा महिने मागतेच आहे. दर रविवारी फोन करायचा, तुझे टोमणे ऐकायचे आणि मनाशी म्हणायचं, बोलू दे, माझ्या खोटेपणापायी पोरीची शेवटची भेट हुकली. आईची शाल दिली, कपाट दिलं, तू मागितलास म्हणून चष्माही दिला. तुला चष्मा लागतही नाही. रात्रंदिवस मला त्या सहा शब्दांनी पोखरलं आहे, आणि तू ते होऊ दिलंस.

काल प्रबंधाचं शेवटचं परिशिष्ट वाचलं. कुठल्याही फायलीची मागची पानं आधी बघायची हा खरं तर माझा धंदा, पण घरच्या माणसाच्या बाबतीत गाफील राहिले. तिथे एक तक्ता आहे. एका रकान्यात नोंद झाल्याची तारीख, शेजारी संशोधकाने ती पाहिल्याची तारीख आणि वेळ. क्रमांक चारची ती नोंद बारा तारखेची आहे. तू ती पाहिलीस तीही बारालाच, संध्याकाळी सात चाळीसला. तुझी मुलाखत अठराला होती. आई एकवीसला गेली. नऊ दिवस तुला सगळं ठाऊक होतं, आणि तरी मावशीच्या खांद्यावर डोकं ठेवून तू ते बोललीस. हे पत्र त्यासाठी आहे. तू का आली नाहीस, एवढं एकच मला सांग. फोन करू नकोस, फोनवर तू रडशील आणि मी विरघळेन. हातानेही लिहू नकोस. तुझ्या संगणकावर तेच सॉफ्टवेअर चालू कर, मग उत्तर लिही, आणि पत्राबरोबर त्याची नोंदही पाठव. तू लिहिलेलं मी वाचणार नाही. तू काय खोडलंस, ते वाचणार आहे.

अजून तरी तुझीच,
ताई