गिरणीच्या पडवीत वायफाय

माय, आपल्या गिरणीत आता वायफाय आहे. हा शब्द तुला कसा समजावून सांगू ते कळत नाही. तू होतीस तेव्हा गावात बटणांचे फोन नुकतेच आले होते, आणि पिठाचे हात लागून बिघडेल म्हणून तू तुझा फोन मलाच उचलायला लावायचीस. आता माणसं फोनवर एकमेकांचं तोंड बघून बोलतात, सोयाबीनचा भाव बघतात, पोरांचे निकाल बघतात. त्याला रेंज लागते, आणि आपली गिरणी तर ओढ्याकडच्या खोलगटात, वर पत्रे, तिन्ही बाजूंनी दगडी भिंत. तिथं रेंज कधी आलीच नाही. वायफाय म्हणजे जळकोटहून आलेली एक तार आणि भिंतीला लावलेला एक लहान डबा. त्या डब्याजवळ बसलेल्याचा फोन रेंज नसतानाही चालतो. एवढंच.

तू म्हणशील, गिरणीत हे कशाला? कारण गिरणीत बसायला कुणी येईनासं झालं होतं. वरच्या आळीत घरोघर घरघंट्या आल्या, दुकानात पाकिटातलं पीठ आलं. ज्या बाया यायच्या त्या दळणाचा डबा ठेवून लगेच निघायच्या. “इथं फोन लागत न्हाई गं, घरीच बसते,” म्हणायच्या आणि संध्याकाळी कुणाच्या तरी मोटारसायकलवर डबा मागवून घ्यायच्या. पट्ट्याचा आवाज आणि मी, दोघंच दिवसभर. माझी लेक लातूरला नर्सिंगला आहे, ती सुट्टीला आली तेव्हा हे बघून म्हणाली, “मम्मी, बायांला इथं बसायला कायतरी कारण दे.” तिला माहीत नाही, पण हे काम तू फार आधी करून ठेवलं होतंस.

मला ते उन्हाळे आठवतात. लाईट गेली की चार-चार तास येत नाही. डबे रांगेत लागलेले असतात, आणि तू पडवीत पोती अंथरतेस, कोपऱ्यातला माठ भरतेस, त्यावर ओगराळं ठेवतेस. आपल्या वस्तीतल्या बाया पाणी पितात. वरच्या आळीतल्या बाया पदरानं वारा घेत बसतात, घसा कोरडा पडला तरी माठाकडे बघत नाहीत. बौद्धाच्या घरचं पाणी. दळण चालतं, पाणी चालत नाही. एकदा मी चिडून म्हणाले, “पीत न्हाईत तर कशाला भरायचा एवढा माठ?” तू हातातली चाळणी खाली ठेवलीस. “माठ आपला हाय. भरायचं काम आपलं. प्यायचं का न्हाई, त्यांचं त्या बघतील. तू त्याच्यात पडू नको,” म्हणालीस, आणि मला घागर घेऊन पुन्हा हापशावर पाठवलंस.

मग एका दुपारी वरच्या आळीतली एक नवी सून, पोटुशी, बसल्या जागी घामानं भिजली आणि डोळे फिरवायला लागली. तिची सासू बरोबर होती. तू ओगराळं भरून पुढे धरलंस. सासूनं तुझ्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि स्वतःच्या हातानं ओगराळं घेऊन सुनेच्या तोंडाला लावलं. नंतर उरलेलं स्वतः प्याली. लाईट आली. तू उठून पट्टा चढवलास. त्या दिवसाबद्दल गावात कुणी बोललं नाही, तूही नाही. माठ मात्र तेव्हापासून संध्याकाळपर्यंत रिकामा व्हायला लागला.

तुला मी कधी सांगितलं नाही, पण ह्या गिरणीनं मला उभं केलं. माझा नवरा गेला आणि मी लेकीला कडेवर घेऊन परत आले, तेव्हा घरात सगळे कुजबुजत होते की आता हिचं कसं व्हायचं. तू काहीच विचारलं नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मला गिरणीत नेलंस, गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी मारून पुन्हा धार कशी आणायची ते दाखवलंस, पडणारं पीठ बोटांत घेऊन म्हणालीस, “गरम लागलं की दगड सैल करायचा. जळकं पीठ कुणाला द्यायचं न्हाई.” मी रडत होते. पीठ ओलं होईल म्हणून तू मला बाजूला सारलंस, हसलीस. भावाला नांदेडला नोकरी लागली तेव्हा नातेवाईक म्हणाले, गिरणी पोराच्या नावावर कर. “त्याला पगार हाय. गिरणी हिची,” एवढंच म्हणून तू त्यांना चहा दिलास.

तर वायफाय. बसवायला जळकोटहून एक गृहस्थ आले, पूर्वी डिश टीव्ही बसवायचे. मला अक्का म्हणतात. त्यांनी डबा आधी दळायच्या खोलीतच लावला. मी मोटार चालू केली तशी लाईट मंदावली आणि डबा बंद पडला. थोड्या वेळानं तो परत सुरू झाला, तोवर त्याच्यावर पिठाचा थर. “अक्का, हे मशीन इथं आठ दिवस बी जगत न्हाई,” म्हणाले. मग तो पडवीत नेला, पिठापासून लांब, आणि त्याला एक छोटी बॅटरी जोडली. मोटार कितीही वीज ओढू दे, त्याला कळत नाही.

दुसरी अडचण मला हसू आणणारी होती. ते म्हणाले, असं मोकळं ठेवता येत नाही, उद्या कुणी ह्याच्यावरून वंगाळ काही केलं तर लोक तुम्हाला विचारतील. म्हणून ज्याला वापरायचं त्याच्या फोनवर एक आकडा येतो, तो टाकला की चालू. पण आकडा यायलाच रेंज पाहिजे! ते बिचारे स्वतःचा फोन घेऊन वर रस्त्यापर्यंत चढले, आकडा घेऊन पळत खाली आले, तोवर त्याची वेळ संपलेली. दोनदा पळाले. मग घाम पुसत म्हणाले, “चिठ्ठ्या करू. एका चिठ्ठीवर एक आकडा, एक तास चालतो. तुम्ही वळखीच्या माणसाला हातानं द्यायची.” गावात अनोळखी आहे कोण? आणि मग त्यांनी सल्ला दिला, “दळणाचा डबा आणला त्यालाच चिठ्ठी. न्हाईतर अख्खं गाव येऊन बसल आन् दळण कुणाचंच न्हाई.” मला ते पटलं. धंदा आहे शेवटी.

पहिले काही दिवस मी तसंच केलं. डबा घ्यायचा, चिठ्ठी द्यायची. एका दुपारी आपल्याच वस्तीतली एक बाई आली. नवरा हैदराबादला बांधकामावर, हिच्या फोनचा रिचार्ज संपलेला. पडवीच्या पायरीशी उभी राहिली. बाकीच्यांच्या हातातल्या चिठ्ठ्या बघितल्या, डबे बघितले, आणि गेली. थोड्या वेळानं परत आली ती फडक्यात ओंजळ-दोन ओंजळ ज्वारी बांधून. “एवढंच दळायचं हाय,” म्हणाली. एवढ्या ज्वारीचं पीठ दगडातच चिकटून राहतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी फडकं हातात घेतलं आणि मला एकदम तुझा आवाज आला असं लिहिणार होते, पण तसं काही झालं नाही. मला फक्त लाज वाटली. मी फडकं तिच्या हातात परत दिलं.

“मावशी, दळून द्या ना,” ती घाबरली.

“ज्वारी घरी ने. चिठ्ठी घे. बस.”

“डबा न्हाई मपला.”

“न्हाई तर न्हाई. माठातलं पाणी काय डबा बघून देते का मी?”

ती तासभर बोलली. नवऱ्यानं तिला हैदराबादची इमारत दाखवली, तिनं त्याला पडवीतल्या सगळ्या बाया दाखवल्या. बायांनी त्याला हात केले. त्या दिवसापासून बसेल त्याला चिठ्ठी.

गिरणी पूर्वीसारखी भरली असं मी म्हणणार नाही. घरघंट्या काही गेल्या नाहीत. काही पोरं नुसती खेळ खेळायला येतात, त्यांना मी पोती उचलायला लावते. पण दुपारी पडवीत जागा नसते, आणि बसणाऱ्या बाया पुढच्या वेळी डबा घेऊन येतातच. ती वरच्या आळीतली सून आता स्वतः सासू झाली आहे. काल नातवाशी फोनवर बोलता बोलता तिनं माझ्याकडे न बघताच हात केला, “ए, जरा पाणी आण की गं,” असं, घरच्या माणसाला सांगावं तसं. मी तिला पाणी नेऊन दिलं.

हे सगळं लिहून झालं. पाठवायचं कुठे? घडी करून मीठ-मिरचीच्या फळीवर ठेवीन, लेक आली तर वाचेल कदाचित. एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहिली. बसवणाऱ्या गृहस्थांनी विचारलं होतं, “अक्का, ह्याला नाव काय देऊ? सगळ्यांच्या फोनवर दिसल.” माझ्या ओठावर तुझंच नाव आलं होतं. सगळ्या गावाच्या फोनवर, वरच्या आळीतसुद्धा, तुझं नाव. पण मग मनात आलं, दिवसभर लोक म्हणतील ती आज लई हळू चालायलीय, ती बंद पडली, तिला जरा काढून परत लाव. मला ते ऐकवलं नसतं. म्हणून मी म्हणाले, “गिरणी, एवढंच टाका.”